जलाशय आणि बागांचा सुलतान : फिरोजशाह तुघलक

प्रस्तावना

शहर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रस्ते, इमारती, बाजारपेठा आणि माणसांची गर्दी उभी राहते. परंतु कोणतेही शहर केवळ दगडविटांवर उभे राहत नाही. त्याला पाणी लागते, सावली लागते आणि पावसाचे पाणी मुरण्यासाठी मोकळी जमीनही लागते. आजच्या नगररचनेत तलाव, नाले, उद्याने आणि वनक्षेत्रे यांचा विचार आवर्जून केला जातो. हा विचार मात्र आजचा नाही. दिल्लीच्या इतिहासात सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याने या प्रश्नाला आपल्या कारभारात महत्त्वाचे स्थान दिले होते. त्याचे नाव फिरोजशाह तुघलक. प्रस्तुत पाठात त्याच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय करून दिला आहे. पाठ वाचताना एक प्रश्न मनात ठेवा : पाणी आणणे अधिक कठीण, की आणलेले पाणी पिढ्यानपिढ्या टिकवणे?

मूळ पाठ

बालपण आणि जडणघडण

फिरोजचा जन्म इ. स. १३०९ च्या सुमारास झाला. त्याचा पिता रजब हा तुघलक घराण्याचा संस्थापक गियासुद्दीन याचा धाकटा भाऊ, तर त्याची माता पंजाबातील भट्टी राजपूत सरदाराची कन्या होती. फिरोज अवघ्या सात वर्षांचा असताना त्याचे पितृछत्र हरपले. त्यानंतर चुलत्याने त्याचे पालनपोषण केले आणि त्याला राज्यकारभाराचे शिक्षण दिले. पुढे गियासुद्दीनचा पुत्र मोहम्मद तुघलक इ. स. १३२५ मध्ये गादीवर आला. त्याच्या पंचवीस वर्षांहून अधिक काळच्या राजवटीत फिरोज त्याच्या निकट राहिला.

मोहम्मद तुघलक हा बुद्धिमान परंतु उतावळा सुलतान होता. इ. स. १३२७ च्या सुमारास त्याने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजेच दौलताबादला हलवली. दिल्लीच्या अनेक प्रतिष्ठित कुटुंबांना दक्षिणेची वाट धरावी लागली आणि काही वर्षांनी हा बेत सोडून द्यावा लागला. गंगा-यमुनेच्या दुआबात करांचा बोजा वाढला, त्यातच दुष्काळ पडला आणि शेतकरी गावे सोडून गेले. सुलतानाने विहिरींसाठी व बी-बियाण्यांसाठी कर्जे दिली. पण उजाड झालेल्या मुलखात ती फेडणार कोण? पाण्यावाचून शेती, शेतीवाचून धान्य आणि धान्यावाचून राजधानी टिकत नाही, हे फिरोजने या काळात जवळून पाहिले.

संकटात हाती आलेले राज्य

इ. स. १३५१ च्या मार्च महिन्यात सिंधमधील ठठ्ठा येथील मोहिमेवर असताना मोहम्मद तुघलकाचा मृत्यू झाला. सेनेला नेता उरला नाही. लूटमार सुरू झाली. अशा वेळी सरदारांनी व धर्मगुरूंनी बेचाळीस वर्षांच्या फिरोजला राज्यपद स्वीकारण्याचा आग्रह केला. प्रारंभी त्याने नकार दिला, परंतु अखेर त्याला ती जबाबदारी घ्यावी लागली.

दिल्लीस परतल्यावर त्याने लोकांची मने सांधण्याचे काम हाती घेतले. पूर्वीच्या राजवटीत शेतकऱ्यांना दिलेली कर्जे त्याने माफ केली आणि त्यांची कागदपत्रे नष्ट करवली. अनेक किरकोळ व जाचक कर रद्द केले. तेलंगणातून आलेला खान-इ-जहाँ मकबूल हा त्याचा वजीर मोठा कार्यक्षम होता. त्याच्यावर कारभार सोपवून सुलतानाला बांधकाम, पाणी आणि बागा या आपल्या आवडीच्या विषयांकडे लक्ष देता आले.

दिल्लीचे पाणी

फिरोजचे कार्य समजून घेण्यासाठी दिल्लीची भूरचना ध्यानात घेतली पाहिजे. शहराच्या पूर्वेला यमुना वाहते, तर दक्षिण व पश्चिम दिशांना अरवली पर्वताची अखेरची टेकाडे पसरली आहेत. वर्षाचा बहुतांश पाऊस जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो. टेकाडांवर पडलेले पाणी ओढ्यांवाटे झपाट्याने यमुनेकडे धाव घेते. ते अडवले नाही तर पावसाळा संपताच जमीन कोरडी पडते. दिल्लीच्या सुरुवातीच्या अनेक राजधान्या नदीपासून दूर, या टेकाडांच्या आश्रयाने वसल्या होत्या. म्हणून तेथील राज्यकर्त्यांनी बांध घातले, तलाव खोदले, पायऱ्यांच्या विहिरी म्हणजे बावड्या बांधल्या. मेहरौली येथे इल्तुतमिशने इ. स. १२३० च्या सुमारास हौज-इ-शम्सी हा तलाव बांधला. अलाउद्दीन खिलजीने आपल्या सिरी या राजधानीसाठी मोठा जलाशय खोदवला. त्यास हौज-इ-अलाई असे म्हणत.

फिरोजशाह गादीवर आला तेव्हा या दोन्ही तलावांची दुर्दशा झाली होती. हौज-इ-शम्सीला पाणी पुरवणारे प्रवाह काही लोकांनी स्वार्थापोटी मध्येच अडवले होते. त्यामुळे तलाव रिकामा पडला होता. हौज-इ-अलाईची स्थिती तर याहून वाईट होती. तो गाळाने इतका भरला होता की त्याच्या तळाशी लोक शेती करू लागले होते. काहींनी तेथेच विहिरी खोदून पाणी विकण्याचा धंदा मांडला होता. जे पाणी सर्वांसाठी साठवले होते, ते असे मूठभरांच्या कमाईचे साधन झाले होते.

फिरोजशाहने नवे तलाव खोदण्याची घाई केली नाही. प्रथम जुन्या तलावांकडे लक्ष दिले. हौज-इ-शम्सीचे प्रवाह अडवणाऱ्यांना त्याने शासन केले आणि पाण्याच्या वाटा पुन्हा मोकळ्या केल्या. हौज-इ-अलाईतील गाळ उपसून तो पूर्ववत पाण्याने भरला जाईल अशी व्यवस्था केली. हाच जलाशय पुढे हौज खास या नावाने प्रसिद्ध झाला. मूळ तलाव सुमारे ६०० मीटर रुंद व ७०० मीटर लांब होता असे मानले जाते. त्याच्या काठावर इ. स. १३५२ मध्ये सुलतानाने एक मदरसा, म्हणजे विद्यालय, उभारले. विद्यार्थ्यांच्या निवासाच्या खोल्या, सज्जे आणि पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या यांमुळे तो तलाव पाण्याचा साठा तर राहिलाच, शिवाय विद्येचे आणि विसाव्याचे स्थानही बनला. आज हरयाणातील फरिदाबादजवळ असलेल्या सूरजकुंड या प्राचीन कुंडाच्या पायऱ्यांची दुरुस्तीही त्याच्याच काळात झाली.

आपली ही दुरुस्तीची कामे सुलतानाने स्वतः नोंदवून ठेवली आहेत. पूर्वीच्या राजांच्या वास्तू सावरणे हे त्याला नवी वास्तू उभारण्याइतकेच पुण्याचे वाटे. इ. स. १३६८ च्या सुमारास कुतुबमिनारावर वीज कोसळून वरच्या भागाची हानी झाली, तेव्हा त्याने मिनाराचे वरचे मजले पुन्हा बांधून घेतले.

कालव्यांचे जाळे

राजधानीची भूक केवळ तिच्या सीमेतील पाण्यावर भागत नाही. आसपासच्या मुलखात धान्य पिकले तरच शहराचे बाजार भरतात. दिल्लीच्या पश्चिमेकडील प्रदेश त्या काळी अतिशय कोरडा होता. उन्हाळ्यात इराक व खुरासान येथून येणाऱ्या प्रवाशांना तेथे पाण्याच्या एका घागरीसाठी चार जितल मोजावे लागत. पावसाळी पीक कसेबसे हाती येई. परंतु पाण्याअभावी गहू पिकत नसे.

या भागात फिरोजशाहने इ. स. १३५४ मध्ये हिसार-फिरोजा हे नगर वसवले. आजचे हिसार ते हेच. नगर वसवले, पण पाणी कोठून आणायचे? सुलतानाने यमुना आणि सतलज या दोन नद्यांतून कालवे काढण्याचे ठरवले. यमुनेचा कालवा नदी डोंगरातून मैदानात उतरते त्या भागातून काढण्यात आला. सर्व मार्ग नव्याने खोदण्याऐवजी चौतांग या जुन्या प्रवाहाच्या पात्राचा उपयोग करण्यात आला. पाण्याची नैसर्गिक वाट कोणती हे ओळखून तिच्याशी जुळवून घेण्याची ही दृष्टी महत्त्वाची होती. कालव्याच्या पाण्यामुळे पावसाळी पिकाबरोबर हिवाळी पीकही येऊ लागले. ओसाड जमिनीवर नवी गावे वसली.

कालव्याच्या देखभालीसाठी पैसा हवा होता. कर लावण्यापूर्वी सुलतानाने धर्मशास्त्र जाणणाऱ्यांची सभा बोलावली. जो स्वतःचे श्रम व द्रव्य खर्चून पाणी आणतो, त्याला काही मोबदला घेण्याचा अधिकार आहे किंवा नाही, हा प्रश्न तिच्यापुढे ठेवला. असा अधिकार आहे, असा निर्णय मिळाल्यावरच उत्पन्नाचा दहावा हिस्सा पाणीपट्टी म्हणून ठरवण्यात आला.

त्याहूनही लक्षणीय होती ती देखरेखीची पद्धत. पावसाळ्यात कालव्यांच्या काठांची पाहणी करण्यासाठी खास अधिकारी नेमले जात. कोठे काठ खचला, कोठवर पूर पसरला, याचा अहवाल त्यांना सादर करावा लागे. फिरोजशाहच्या काळाचा इतिहास लिहिणारा शम्स सिराज अफीफ याच्या वडिलांनी हे काम अनेकदा केले होते. त्यामुळे अफीफच्या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशील जिवंतपणे उतरले आहेत.

यमुनाकाठचे नगर आणि बाराशे बागा

फिरोजशाहने इ. स. १३५४ मध्ये दिल्लीजवळ यमुनेच्या काठावर फिरोजाबाद ही नवी राजधानी वसवली. टेकाडांच्या आश्रयाने राहणारी दिल्ली आता नदीच्या सान्निध्यात आली. आज फिरोजशाह कोटला या नावाने जे अवशेष दिसतात, ते या नगराच्या किल्ल्याचे होत. तेथील वर्तुळाकार बावडी अजूनही पाहायला मिळते.

या नगराच्या परिसराला त्याने बागांनी वेढले. अफीफच्या नोंदीनुसार सुलतानाने दिल्लीच्या आसपास बाराशे बागा लावल्या आणि अलाउद्दीनच्या काळी सुरू झालेल्या तीस बागांचे पुनरुज्जीवन केले. अफीफने हा ग्रंथ नंतरच्या पडत्या काळात, गतवैभवाच्या आठवणीने लिहिला. त्यामुळे आकड्यात थोडी अतिशयोक्ती असू शकेल. तरीही बागांची संख्या मोठी होती यात संशय नाही. या बागांत काळ्या व पांढऱ्या द्राक्षांच्या सात जाती पिकत आणि बाजारात द्राक्षे एक जितल शेर या भावाने मिळत.

या उपक्रमातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बागेसाठी घेतलेली जमीन कोणाच्या मालकीची अथवा धर्मादाय असेल, तर कागदपत्रांची तपासणी करून मालकाचा हक्क चुकता केला जाई. उत्पन्नातही मालक व माळी यांचा वाटा वेगळा काढून मगच सरकारी हिस्सा धरला जाई. बागा केवळ राजवाड्याची शोभा नव्हत्या. त्यांनी शहराला फळे दिली, अनेकांना काम दिले आणि खजिन्यात भर घातली. शिकारीची आवड असलेल्या सुलतानाने टेकाडांवरील जंगलात शिकारमहाल बांधले. आज दिल्लीकर ज्याला रिज म्हणतात, त्या वनक्षेत्रात मालचा महाल, पीर गायब यांसारखे त्यांचे अवशेष आहेत.

न वाचता आलेला लेख

प्राचीन वस्तूंविषयी फिरोजशाहला कुतूहल होते. आजच्या हरयाणातील टोपरा या गावी आणि मेरठजवळ त्याला दोन उंच दगडी स्तंभ दिसले. ते दिल्लीस आणण्याचे त्याने ठरवले. टोपऱ्याच्या स्तंभाभोवती सावरीच्या कापसाचे ढीग रचले गेले. पाया खणल्यावर स्तंभ त्या मऊ शय्येवर अलगद विसावला. मग तो लव्हाळ्यांत व कच्च्या चामड्यांत गुंडाळून बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवण्यात आला. हजारो माणसांनी दोर ओढून तो यमुनेपर्यंत नेला आणि तेथून नावांवरून तो फिरोजाबादला पोहोचला. दुसरा स्तंभ टेकडीवरील शिकारमहालाजवळ उभारण्यात आला.

स्तंभांवरील अक्षरे वाचण्यासाठी सुलतानाने पंडितांना पाचारण केले, परंतु कोणालाही ती लिपी उमगली नाही. इ. स. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा हे स्तंभ सम्राट अशोकाचे असल्याचे निश्चित झाले. टोपऱ्याच्या स्तंभावर असा एक लेख आहे, जो अशोकाच्या अन्य कोणत्याही स्तंभावर आढळत नाही. त्यात अशोकाने माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेने वड लावल्याचे, आमराया वाढवल्याचे, ठराविक अंतरावर विहिरी खोदल्याचे आणि पाणपोयांची सोय केल्याचे नमूद केले आहे. पाणी आणि झाडे यांचा ध्यास घेतलेल्या फिरोजशाहने ज्या लेखाचा दगड इतक्या कष्टाने आणला, त्यातील मजकूर त्याच्याच आवडीच्या कामांचा होता. मात्र ते त्याला कधीच कळले नाही.

कार्याची दुसरी बाजू

कोणत्याही राज्यकर्त्याचे मूल्यमापन त्याच्या एकाच गुणावरून करता येत नाही. फिरोजशाहने रुग्णांसाठी दवाखाना काढला, गरीब मुलींच्या विवाहासाठी साहाय्य देणारे खाते सुरू केले आणि बेकारांना काम मिळवून देण्याची सोय केली. परंतु अन्य धर्मीयांविषयी त्याची वृत्ती उदार नव्हती. पूर्वी सूट असलेल्या ब्राह्मणांवरही त्याने जिझिया कर लादला. मंदिरे पाडल्याच्या नोंदी त्याच्या काळात आढळतात. त्याच्याजवळ एक लक्ष ऐंशी हजार गुलाम होते असे अफीफ सांगतो. त्यांतील हजारो गुलामांना निरनिराळ्या हस्तव्यवसायांत लावण्यात आले होते. सरदारांची पदे व जहागिरी वंशपरंपरेने देण्याच्या धोरणामुळे सैन्य दुर्बळ होत गेले. लोकांना पाणी देणाऱ्या या सुलतानाची ही बाजूही विसरून चालणार नाही.

अखेर आणि वारसा

फिरोजशाहची अखेरची वर्षे दुःखात गेली. थोरला पुत्र फतेहखान त्याच्या हयातीतच वारला. वृद्धापकाळात सत्तेसाठी घरातच कलह माजला. इ. स. १३८८ च्या सप्टेंबर महिन्यात, सदतीस वर्षे राज्य करून, सुमारे ऐंशीव्या वर्षी तो मरण पावला. ज्या तलावाला त्याने नवे जीवन दिले, त्या हौज खासच्या काठीच त्याची कबर आहे.

त्यानंतर दहाच वर्षांनी, इ. स. १३९८ मध्ये, तैमूरने दिल्लीवर स्वारी केली. दिल्ली लुटली गेली. देखरेख करणारे अधिकारी राहिले नाहीत आणि कालवे हळूहळू गाळाने भरून गेले. मात्र पाण्याची ती वाट लोक विसरले नाहीत. अकबराच्या काळात यमुनेचा कालवा पुन्हा साफ करण्यात आला. शाहजहानच्या काळी अली मर्दान खानाच्या देखरेखीखाली तो दिल्लीपर्यंत आणला गेला आणि त्याचे पाणी चांदणी चौकातून वाहू लागले. अठराव्या शतकात तो पुन्हा कोरडा पडला. इंग्रजांनी तो दुरुस्त केल्यावर इ. स. १८२० मध्ये दिल्लीत पुन्हा पाणी आले. आजचा पश्चिम यमुना कालवा ही त्याच परंपरेची पुढची कडी होय. दिल्लीला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा आजही त्याच्यावाटे येतो. महाराष्ट्रातही मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या प्रारंभी खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवताना भूमिगत नहरींनी पाणी आणले. नगर वसवण्याआधी पाण्याचा विचार करावा, हा धडा दोन्ही ठिकाणी सारखाच आहे.

हौज खासची कथा मात्र पुढेही चालू राहिली. विसाव्या शतकात तलावाच्या पाणलोट क्षेत्रात वसाहती उभ्या राहिल्या. पावसाच्या पाण्याच्या वाटा इमारतींनी व रस्त्यांनी अडवल्या आणि तलाव पुन्हा कोरडा पडला. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी शुद्धीकरण केलेले सांडपाणी सोडून तो पुन्हा भरण्यात आला. आज तेथे मूळ तलावाचा लहानसा भागच शिल्लक आहे, तरी पक्षी येतात आणि काठावर लोक विसावतात. दिल्लीच्या रिजला इ. स. १९९४ मध्ये राखीव वनाचे संरक्षण देण्याचे पाऊल उचलले गेले. दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद आणि नोएडा या वाढत्या नगरांत अजूनही अनेक तलाव व ओढे बुजत आहेत. काही ठिकाणी ते पुन्हा जिवंत करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

फिरोजशाहच्या काळी तलावाचे प्रवाह अडवणारे लोक होते, आजही आहेत. गाळ तेव्हाही साचत होता, आजही साचतो. तलाव एकदा खोदून काम संपत नाही. पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्या लागतात, काठांवर दरवर्षी नजर ठेवावी लागते आणि सर्वांचे पाणी कोणा एकाचे होणार नाही याची दक्षता घ्यावी लागते. फिरोजशाहच्या बाराशे बागांपैकी आज फारच थोडे उरले आहे. परंतु त्याच्या पाहणी अधिकाऱ्यांचे काम प्रत्येक पावसाळ्यात नव्याने करावे लागते.

शब्दार्थ

दुआब – दोन नद्यांमधील प्रदेश
जितल – सुलतानकालीन नाणे
बावडी – पायऱ्यांची विहीर
पाणलोट क्षेत्र – ज्या भूभागावरील पावसाचे पाणी एका तलावाकडे किंवा नदीकडे वाहत येते तो भाग
नहर – पाणी वाहून नेणारा कालवा
पितृछत्र हरपणे – वडिलांचा मृत्यू होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हौज-इ-अलाईच्या तळाशी लोक काय करू लागले होते?
(आ) पाणीपट्टी लावण्यापूर्वी सुलतानाने काय केले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) यमुनेचा कालवा काढताना जुन्या प्रवाहाचा उपयोग का महत्त्वाचा ठरला?
(आ) टोपऱ्याच्या स्तंभावरील लेखाचा विषय आणि फिरोजशाहचे कार्य यांत कोणते साम्य आहे?

३. तुमचे मत लिहा.
लोकोपयोगी कामे करणाऱ्या राज्यकर्त्याच्या दोषांकडे इतिहासाने कसे पाहावे?

४. उपक्रम
तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या जुन्या तलावाची, विहिरीची अथवा ओढ्याची माहिती वडीलधाऱ्या माणसांकडून मिळवा. त्यात पाणी कोठून येत असे आणि आज ती वाट मोकळी आहे का, याविषयी दहा ओळी लिहा.